तळहाताची ऊब

पेटी बंद होती, आत उजेड शिरायला जागा नव्हती, तरी स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत ठिपके उमटू लागले. त्या अतिथंड पेटीतली बारीक तारांची जाळी डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचाही एकेक कण टिपते आणि दर कणामागे एक ठिपका उमटतो; आज मात्र चौकट काळीच राहायला हवी होती. वर्षभराची मेहनत वाया गेली की काय, या धास्तीनं टेबलावर टेकवलेला हात मी आणखी गच्च दाबला. ठिपके वाढले.

"सर, केबलवरचा हात काढा," माझी विद्यार्थिनी वैदेही हळूच म्हणाली.

पेटीत प्रकाश नेणारी काचतंतूची केबल माझ्या तळहाताखाली होती. तो उजेड माझ्याच अंगातल्या उबेचा होता. जिवंत माणूस असा सतत उजळत असतो आणि शेजारी बसलेल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मी हात उचलला. चौकट पुन्हा काळी झाली. आम्हाला हवी होती तशीच, तरी मला तिच्याकडे बघवेना.