गौसभाईंच्या वहीचं उजवं पान

गौस तांबोळी म्हणजे सोलापूरच्या त्या पाणीयोजनेच्या कचेरीतला सगळ्यात चिवट माणूस. तीन तालुक्यांच्या तीन योजना मिळून एकच मोठी योजना झाली, तेव्हा जो तो काहीतरी वाढवून मागायला लागला. कुणाला जादा टाकी, कुणाला जादा पाईप. गौसभाईंनी एक जाडजूड वही केली. डाव्या पानावर काय वाढलं, उजव्या पानावर त्याच्या बदल्यात काय गेलं. उजवं पान कोरं असेल तर सही नाही, मग समोर आमदार असो नाहीतर ब्रह्मदेव! "पाईप काय झाडाला लागतो व्हय?" म्हणत त्यांनी वैरागकडच्या हरिबा सरपंचालासुद्धा दोनदा माघारी धाडलं होतं.

मग एका सकाळी उजनीकाठची शिवबाई कचेरीत आली. सत्तरीची बाई, पदर घामानं ओला.

"सायेब, जुन्या यादीत आमची वस्ती व्हती की! अकरा घरं हायती. धरण उशाला अन् कोरड घशाला, किती दिस काढायचं असं?"

गौसभाईंनी जुनी यादी काढली. वस्ती होती. नव्या यादीत नव्हती. कुणाच्या वाढीपायी गेली, ते शोधायला ते ऐटीत वही उलटू लागले आणि एका पानावर हात थबकला. अक्षर त्यांचंच. 'मोडनिंब, तांबोळी गल्ली, चारशे मीटर पाईप.' उजवं पान कोरं.

त्या गल्लीत राहणारी त्यांची आई खातूनबी सार्वजनिक नळावर घसरून पडली, त्या आठवड्यातली ती नोंद. उजवं पान नंतर भरू म्हणाले आणि राहूनच गेलं. एकूण पाईप तेवढाच, मग योजना जुळवताना पार टोकाची वस्ती आपोआप गळाली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! गौसभाईंना इतकी लाज वाटली, की शिवबाईकडं बघवेना.

गौसभाईंचे वरिष्ठ आशिष साहेब वयानं लहान, मनानं चांगले. त्यांनी वही बघितली. "जाऊ द्या हो गौसभाई. वस्ती पुढच्या टप्प्यात घेऊ."

"कुणाच्या बदल्यात, साहेब?"

गौसभाईंनी उजव्या पानावर लिहिलं, 'शिवबाईची वस्ती, अकरा घरं.' मग पाईप वस्तीला परत द्यायला डावीकडची नोंद आपल्याच हातानं खोडली आणि खाली सही केली.

रविवारी ते मोडनिंबला गेले. गल्लीत पाईपासाठी चर खणून तयार होता. अम्मी काठी घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"नल कब लगता, बेटा?"

त्यांनी शेजाऱ्यांदेखत सगळं सांगितलं. शेजारचा रहिमतुल्ला दार आपटून आत गेला. अम्मीनं एवढंच विचारलं,

"वो बुढ्ढी का पानी कौन भरता?"

"खुदच भरती, अम्मी."

"तो चर बुजा दे. कोई गिरेंगा."

गौसभाईंनी फावडं घेतलं. गल्लीतलं एकही माणूस मदतीला आलं नाही. अम्मी मात्र उंबऱ्यातून काठीनं दाखवत राहिली, माती अजून कुठं कमी पडतीय ते.