खळीच्या डब्यातला मैदा

वडगावातल्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि हातमागाची खोली, म्हणजे मागघर, यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. अलीकडे माझं राज्य, पलीकडे सासऱ्यांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. गल्लीत सगळीकडे पॉवरलूम आले, आप्पांनी मात्र आपला एक हातमाग सोडला नाही. सुताला ताठपणा यावा म्हणून ते मैदा शिजवून त्याची खळ करतात. त्या मैद्याचा स्टीलचा डबा मागाशेजारच्या फळीवर असतो. माझा मैदा संपला की मी तिथून वाटीभर उचलायची. मैदा तो मैदा, त्यात विचारायचं काय?

त्या दिवशी मी कामावरून आले तीच वैतागून. सात वर्षांच्या लेकीचा शाळेचा डबा परत तसाच आला होता. पालेभाजी दिसली की हिचं तोंड वाकडं, पण खडेबाजारातल्या बेकरीचा पफ मिटक्या मारत खाणार. म्हटलं, पफच खा, पण पालकाचा. मी एकदा ठरवलं की घरात कुणाची सुटका नसते.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं. पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून पिळला, चिरला, लसणावर परतला, मिरपूड आणि भरपूर किसलेलं चीज घातलं. मैदा कमी पडला म्हणून पडदा सारून फळीवरचा डबा आणला. आप्पा तेव्हा अंगणात सूत वाळत घालत होते. पालकाच्याच हिरव्या पाण्यात कणीक मळली, लाटून तूप लावून घड्या घातल्या, परत लाटली, चौकोन कापून सारण भरलं, काट्यानं कडा दाबल्या आणि छोट्या ओव्हनमध्ये ठेवलं. वीस मिनिटांत घरभर चीजचा वास सुटला. मी स्वतःवरच खूश होते.

लेकीनं पहिला घास घेतला आणि थांबली.

"आई, कडू लागतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नाटकं करू नकोस. पालक म्हटलं की कडूच लागतं तुला. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही."

ती खात राहिली. दर घासाला पाणी पीत, माझ्याकडे बघत. मी समोर हात बांधून उभी होते. पूर्ण पफ संपवला तिनं.

तेवढ्यात आप्पा मागघरात आले. "खळीचा डबा कुठं गेला गं?"

"इथं आहे. पफला मैदा घेतला थोडा."

पडदा झटक्यात बाजूला झाला. "अगं, त्यात मोरचूद हाय! पावसाळ्यात खळ नासती म्हणून कुटून मिसळून ठेवलाय. पोरीनं खाल्लं काय?"

मी खानापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मोरचूद मला बागेवर फवारायचं निळं विष म्हणून माहीत होता. तो मैद्यात असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं. कोरड्या मैद्यात बारीक पूड कळली नाही, आणि मळल्यावर पालकाच्या हिरव्यात त्याचा रंग मला कुठून दिसणार?

लेकीला तिथंच उलटी झाली. हिरवी. ते हिरवं पालकाचं की मोरचुदाचं, कळायला मार्ग नव्हता. आप्पांनी तिला उचललं, मी स्कूटर काढली. मागं तिला धरून बसलेले आप्पा सारखं म्हणत होते, "हळू चालीव, पण थांबू नको."

दवाखान्यात सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टर म्हणाले, उलटी झाली हे बरंच झालं, तरी उद्यापर्यंत ठेवू. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "असली चव मुलं लगेच थुंकून टाकतात. हिनं सगळं कसं खाल्लं? काही म्हणाली नाही का?"

"नाही," मी म्हणाले.

लेक खाटेवरून माझ्याकडे बघत होती. पलीकडून सगळं ऐकू येणारा एकच पडदा आमच्या घरात, आणि अंगणही काही लांब नाही; तिचं 'कडू लागतंय' आप्पांनीही ऐकलं असणार. पण आप्पा पुढं झाले आणि म्हणाले, "चूक माझी हाय, डॉक्टर. डब्यावर खूण करायला पायजे होती." मी त्यांना तसं म्हणू दिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. तब्येत ठणठणीत आहे. खळीचा डबा आता कुलपात असतो, त्यावर आप्पांनी लाल रंगानं फुली मारली आहे.

पालेभाजीचंही आता काही भांडण उरलेलं नाही. मेथी, शेपू, कारलं, काहीही वाढलं तरी लेक मान खाली घालून ताट साफ करते. मी विचारते, "कसं लागतंय गं?" ती म्हणते, "चांगलं." परवा आमटीत माझ्याकडून मीठ दोनदा पडलं होतं. मला पहिला घास गिळवेना. समोर तिची वाटी रिकामी झाली होती.