आईच्या नावाखालची करडी ओळ

धाकट्या बहिणीचा मला फार हेवा वाटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. ती नांदेडला, मी लातूरला आणि आई औशाला. आईचं घर माझ्यापासून बसनं अर्ध्या तासावर. औषधं पोचवणार मी, दवाखान्यात नेणार मी, आणि आईच्या गप्पा कुणाशी? नांदेडशी!

बहिणीनं आईला नवा फोन घेऊन दिला, तेव्हापासूनचं हे. 'आज आईनं हे सांगितलं, ते दाखवलं' असं ती मला रोज ऐकवायची. माझा फोन जुनाट, पाठीला रबर लावलेला. मेसेजचं ॲप चालायचं, पण नवं काही त्यावर चढायचं नाही. वर रोज सकाळी आईच्या नावाखाली एक करडी ओळ यायची, 'हा मेसेज पाहण्यासाठी ॲप अपडेट करा.' कंपनीवाले आईच्या नावानं जाहिरात करतात, अशी माझी पक्की समजूत. आधीच फोनमध्ये जागा नाही, म्हणून चहा पिता पिता मी ती ओळ पुसून टाकायची.

मग मीही फुगले. औशाला जायची, औषधं ठेवायची आणि बस चुकेल म्हणत निघायची.

येळवशीच्या, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी बहिणीचा फोन आला. "अक्का, आईनं भज्जी कशी करायची ते सगळं दाखवलं बघ. लई सोपी हाय."

भज्जी म्हणजे भाज्या आणि कोवळे दाणे घालून केलेली येळवशीची खास पातळ भाजी. दरवर्षी शेतात आईच्या हाताखाली राबायचं मी, आणि भज्जी शिकणार ही!

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीपुढं सगळे अंबील पीत बसले होते. मी आईला बाजूला घेतलं. "तिला सगळं दाखवतीस. मी काय तुझ्या पोटची न्हाई का?"

आई बघतच राहिली. "आगं, तुलाच आधी धाडली की! तुला रोज धाडतीय. तू काईच बोलत न्हाईस. म्हटलं रागात असशील. मग तिला फोन लावते."

तिनं फोन माझ्या हातात दिला. माझ्या नावाखाली गोल गोल छोटे व्हिडिओ, एकाखाली एक. प्रत्येकात पूजा उरकून विभूती लावलेली आई. "अक्के, उठलीस का? गुडघा कसा हाय?" पुढं कधीतरी, "आज तरी बोल की." आणि नंतर नंतर तर ती काही विचारतच नव्हती. नुसती माझ्याकडं बघायची, हसायची आणि बंद करायची.

शेवटचा व्हिडिओ भज्जीचा होता. पातेल्यात डाव फिरवत ती सांगत होती, "तुझ्यापुरती आधी काढून ठेव, मग मिरची घाल. तुला तिखट सोसत न्हाई."

तो मी आदल्याच दिवशी पुसला होता, चहा पिता पिता.