हळद हाताला लावा

मामेबहिणीच्या हळदीत मामी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तेव्हा तिचे दोन्ही तळवे हळदीने माखलेले होते. नवरीची उरलेली हळद बिनलग्नाच्या पोरींच्या गालांना चोळायची, ही आमच्याकडची रीत. माझे गाल मात्र मुरुमांवरच्या डॉक्टरी गोळ्यांनी सोलवटलेले आणि ओठांचे कोपरे चिरलेले. हसलं तरी रक्त येतं.

"मामी, तोंडाला नको. आग होते."

"अगं, हळदीनं कुणाचं वाईट झालंय? मुरूमही जातील आणि स्थळही येईल!"

बायका खिदळल्या. मला संताप आला. पोरीचा चेहरा म्हणजे काय चौकातली भिंत आहे, की येणाऱ्याने आपलं पत्रक चिकटवून जावं? कुणी लिंबू सांगतं, कुणी बेसन, कुणी "त्या गोळ्याच सोड" म्हणतं. सभा-मोर्च्यांची पत्रकं मीही वाटते, पण समोरच्याला "नको" म्हणायचा हक्क असतो. गोळ्या मी सोडणार नाही. सौम्य साबण, चेहरा ओलसर असतानाच क्रीम, ओठांना सारखं मलम, उन्हात ओढणी, एवढं सांभाळून हे दिवस काढणार. कोरडेपणा सोसायचं मी ठरवलंय. चोळून घ्यायचं नाही.

मी दोन्ही हात पुढे केले. "लावायची तर इथे लाव."

मामीने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग मनगटापासून कोपरापर्यंत हळद लावली, अगदी हलक्या हाताने. तेवढ्यात तिची जाऊ मूठभर हळद घेऊन आलीच. मी तोंड उघडायच्या आत मामी ओरडली, "तोंडाला नाही हं! हाताला!"