मठाची ओसरी उत्तरेला

मिस्त्रींनी मठ उलटा बांधलाय हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबांची जीप फाट्यावर आली होती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. डोणगावच्या शाळेत मी इतिहास शिकवत होतो, पण प्रोबेशनवर. म्हणजे काम पाहून कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या दिवशीच्या तपासणीवर ठरणार होतं. आमच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारा मी पहिलाच. बुद्धवंदना आटोपली की आई रोज विचारायची, "झाला काय रे कायम?"

पाठ होता मध्ययुगीन युरोपातल्या एका कॅथलिक मठाचा. सरदारानं दान दिलेली दलदल, ती चर खणून पिकाऊ करणारे संन्यासी, त्यांनी पिढ्यानपिढ्या हातानं उतरवलेली पुस्तकं. पुढे राजाची मर्जी फिरली आणि मठाचे दगड गावच्या घरांना लागले. मी स्वतः साधं चर्चही पाहिलेलं नव्हतं. पण हौसेला मोल नाही! शाळेच्या अंगणात गुडघाभर उंच मातीचा मठ उभारायचं मी ठरवलं.

वर्गातल्या शांताचे वडील, गणपत मिस्त्री, गवंडीकाम करत. त्यांना मी नकाशा समजावला: मध्ये उंच प्रार्थनाघर, त्याच्या दक्षिणेला लांब ओसरी, तिथं बसून संन्यासी लिहीत. एवढं सांगून दोन दिवस कामानं मेहकरला गेलो. तपासणीच्या सकाळी परतलो, तर ओसरी उत्तरेला.

"मिस्त्री, हे काय केलं?"

"काऊन, गुरुजी? दक्षिनेले दिवसभर ऊन. तिथं लिहू लिहू पागल होतीन ना ते! म्या सावलीत घेतली."

हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "चूप राहा. साहेबाले काय मालूम पडते?"

मला ते लगेच पटलं. भित्र्याला कुठलाही सल्ला पटतो.

साहेब पुण्याकडचे. वर्ग अंगणातच बसवला होता. मठाभोवती एक चक्कर मारून ते थांबले.

"गुरुजी, ओसरी उत्तरेला कशी?"

मिस्त्री अंगणाच्या दाराशीच उभे होते. त्यांच्याकडे बोट दाखवलं असतं तर सुटलो असतो. पण शांता पुढच्याच रांगेत बसली होती.

"चुकलं, साहेब. चूक माझी. मी दिशा सांगितली, कारण सांगितलं नाही."

"मग आता सांगा."

मी पोरांकडे वळलो. "त्या मुलखात हिवाळ्यात दौतीतली शाई गोठते. आता बोला, लिहिणाऱ्यानं बसायचं कुठं?"

आवाज आला तो दारातून.

"हे अगुदर सांगाले काय झालं होतं, गुरुजी? माघात आमी बी दक्षिनेच्याच भितीले पाठ लावून बसतो!"

"अन् उत्तरेचा वारा त्या उंच भितीनं अडते," शांता म्हणाली.

साहेब हसले आणि चक्क पोरांत जाऊन बसले. मग काय, पोरांच्या जिभा सुटल्याच. घंटा झाली की संन्यासी काम टाकून प्रार्थनेला जात, हे ऐकून एकानं विचारलं, "मंग तवर बैल कोन धरे?" मी म्हणालो, मला माहीत नाही. साहेब म्हणाले, मलाही नाही. तो तास इतका रंगला की मी प्रोबेशनवर आहे हेच विसरलो.

निघताना मिस्त्री साहेबांना आडवे गेले. "दोन दिवस द्या, साहेब. ओसरी फिरवून देतो."

"राहू द्या," साहेब म्हणाले, आणि शेरेबुकात, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायच्या वहीत, त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. नमुना सदोष. शिक्षक कायम करण्यास योग्य.

माणसाला नुसतं काम सांगितलं की तो ते आपल्या हवामानाप्रमाणे करतो, कारण सांगितलं की दुसऱ्याच्याही करू शकतो. हे मी पुढे नोकरीभर पाळलं. त्या दिवशी शिकवलं मिस्त्रींनी, कायम झालो मी.