अठरा मिलिमीटर

दवाखान्यात सगळे त्याला मिलिमीटर म्हणत. समोर नव्हे, पण त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. चौतीस वर्षं त्याने एकच काम केलं. क्षयाची शंका असलेल्यांच्या हातावर सुई टोचायची आणि तिसऱ्या दिवशी तिथे उठलेला फुगवटा मोजायचा. माणसं घाबरून हात पुढे करत, "लाल झालंय हो खूप!" म्हणत. हा पठ्ठ्या लालीकडे ढुंकूनही बघत नसे. डोळे मिटून बोटाने चाचपायचा, बॉलपेन कातडीवरून सरकवत न्यायचा, जिथे अडेल तिथे खूण करायचा. दुसऱ्या बाजूने तसंच. मग पट्टी. "लाली लबाड असते," तो म्हणे. "टणक तेवढंच खरं."

लोकांना समजावून सांगायचं कामही त्याच्याकडेच, कारण डॉक्टरांना वेळ नसे. शरीरात टी पेशी असतात. क्षयाचा जंतू एकदा आत शिरला की त्यातल्या काही त्याला वर्षानुवर्षं विसरत नाहीत. सुईत जिवंत जंतू नसतो, त्याचा नुसता अंश असतो. पण तेवढ्यावरूनही त्या ओळखतात आणि धावत येऊन गर्दी करतात. ती गर्दी म्हणजे हा फुगवटा. "म्हणजे मला रोग झाला?" लोक विचारत. "नाही हो. ओळख आहे, एवढंच. रोगाचं छातीच्या फोटोत कळेल."

नोकरीला लागला तेव्हा त्याचाही हात टोचला होता. अठरा मिलिमीटर, छातीचा फोटो स्वच्छ. तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला होता?"

"आईला. मी चार वर्षांचा असताना गेली."

"मग तिच्याकडूनच. फार जवळ घेत असणार तुला."

डॉक्टर सहज बोलून गेले आणि पुढच्या कागदाकडे वळले. हा मात्र जागच्या जागी खिळला. त्याला वाढवलं मावशीने. आई गेल्यावर तिने गादी, कपडे, उशाशी लावलेला तिचा एकुलता एक फोटो, सगळं जाळलं होतं. विषय निघाला की म्हणायची, "तुला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तिने तुला हातसुद्धा लावला नाही कधी." पोराला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून म्हणायची बिचारी. पण लेकराच्या मनात बसायचं ते बसलं. आणि आता अठरा मिलिमीटरने मावशीला खोटं पाडलं. जंतू काय, बाजारातूनही आला असता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण असल्या बाबतीत माणसाने थोडं आंधळं असावं.

तेव्हापासून दरवर्षी एकदा, संध्याकाळी फेकून द्यायच्या बाटलीतला उरलेला थेंब तो स्वतःला टोचून घेई. डॉक्टर खेकसत, "ठाऊक आहे ते पुन्हा काय बघतोस? हाताच्या काकणाला आरसा कशाला?" तो मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. लग्न राहून गेलं, मावशी गेली. एक खोली, एक खुर्ची, बोलायला भिंती. पण ते तीन दिवस बाही वर करून, फुगवट्यावर बोट ठेवून तो बसून राही. तेवढे दिवस घरात कोणीतरी आहे असं वाटे.

निवृत्त झाल्यावर तेही संपलं. चार वर्षांनी बोटांचे सांधे सुजले, शर्टाची बटणं लागेनात. महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. आता त्याहून जबर औषध द्यायचं होतं. त्याने शरीराची राखण ढिली पडते, म्हणून आधी क्षयाची चाचणी हवी. इतक्या आनंदाने सुईकडे जाणारा माणूस त्या दवाखान्याने पाहिला नसेल.

तिसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच तो हजर. त्याच्या जागेवर आता एक बाई होती, दोन मुलांची आई, त्याच्याच हाताखाली शिकलेली. तिने चाचपलं. पुन्हा चाचपलं. पेन कातडीवरून सरळ पलीकडे गेलं, कुठेच अडलं नाही. घरी त्यालाही काही लागलं नव्हतं, पण त्याने दोष आपल्या सुजलेल्या बोटांना दिला होता.

"लाल आहे थोडं," ती म्हणाली. आईची गोष्ट त्याने जन्मात एकदाच कोणाला सांगितली होती, ती हिला. तिने पट्टी लालीवर धरली. "सहा लिहिते, काका."

लिहू दे, असं त्याला वाटलं. अगदी आतड्यातून वाटलं.

"लाली मोजायला मी शिकवलं तुला?" त्याचा आवाज चढला.

"त्याने कोणाचं काय बिघडतंय, काका?"

"शून्य लिही."

तिने मान खाली घालून शून्य लिहिलं.

नवे डॉक्टर समजूतदार होते. "स्टेरॉइडमुळे पेशी गप्प बसल्यात. विसरल्यात असं नाही, पण सध्या उठून येत नाहीत. तुमचे जुने आकडे आहेत म्हणून बरं, नाहीतर या शून्यावर फसलो असतो. जंतू आत झोपलेला असू शकतो. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे गोळ्या घ्या, मग सांध्यांचं औषध."

"म्हणजे तो अजून आत असेल? पहिला? लहानपणचा?"

"असेलही. पन्नास-साठ वर्षं राहतो."

"आणि गोळ्यांनी?"

"मरेल की! त्यासाठीच तर द्यायच्या." डॉक्टर हसले. त्यांना काय माहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी उरकून तो गोळ्या तळहातावर घेऊन बसला. मोरीत टाकल्या असत्या तर बघायला कोण होतं? पण हजारो लोकांना त्याने दटावलं होतं, एकही चुकवायची नाही म्हणून. आणि एवढं जवळ घेणाऱ्या बाईला आपलं पोर जगायलाच हवं असणार. त्याने पाणी प्यायलं आणि एकेक करत सगळ्या गिळल्या.

आई गेली त्या दिवशी त्याला शेजारी खेळायला पाठवलं होतं. तो रडला नव्हता, कारण त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. आज रिकामा पेला हातात धरून तो बासष्ट वर्षांचा माणूस हमसून हमसून रडला. अठ्ठावन्न वर्षांनी त्याने आईला पोचवलं होतं, आणि बरोबर कोणीही नव्हतं.