लाल ठिपक्याचं कार्ड

"काढून घेतले मां सगळे फोटो?"

भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, असं विचारलं की हातातलं काम ठेवून "होय, काढले" म्हणायचं, हा आमच्या स्टुडिओतला नियम. मी होय म्हटलं की ते पुन्हा विचारत, "बघलंस?" मी पुन्हा होय म्हणे. मग ते कॅमेऱ्याच्या मागचं बटण दाबत. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न येई, तेव्हा त्यांचा अंगठा थोडा थांबे, मग दाबे. कार्ड रिकामं झालं की ते कॅमेरा कपाळाला लावत.

याला फॉरमॅट म्हणतात. भाऊ "भांडा धुवचा" म्हणत. "भांडा धुतल्याशिवाय तेच्यात दूध ओतूचा नाय," हे त्यांचं रोजचं वाक्य. कॉम्प्युटरवर कार्ड पुसलेलं त्यांना चालत नसे. ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात पुसायचं, आणि फोटो दुसरीकडे उतरवल्याचं दोन माणसांनी सांगितल्याशिवाय पुसायचं नाही. त्यातलं एक माणूस ते स्वतः आणि दुसरं मी. माझं काम खरं तर चौकटींचं होतं. काच पुसायची, फोटो बसवायचा, मागे पुठ्ठा लावून खिळे मारायचे. पण दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

लग्नघरी गेले की भाऊ उंबऱ्यातच यजमानांना रिकामा पडदा दाखवत. एकदा नवरीचा मामा ओरडला, "अरे, भटजी ताम्हन दाखयता तसो ह्यो कॅमेरो दाखयता! हळदकुंकू लावू काय रे?"

"लाव," भाऊ म्हणाले, "पण काचेर लावू नको."

ही सवय त्यांना कशी लागली ते मला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं. भाऊ समोर असतानाच सांगितलं, त्यांना चिडवायला. फार पूर्वी एकदा सकाळी खाडीपलीकडे मयत होतं आणि दुपारी लग्न. कार्ड एकच. मांडवात नवऱ्याची आई म्हणाली, बघूया सुनेचो फोटो कसो इलो. भाऊंनी कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने बाण दाबला तो उलट्या बाजूचा. नाकात कापूस घातलेला म्हातारा पडद्यावर आला.

"मांडवात मढा दाखयल्यान ह्येणी!" वहिनी हातवारे करून सांगत. "सगळी बायलां उठली. ह्ये जावन बसले आचाऱ्याच्या टोपांमागे. जेवले पण नाय."

"जेवण बरा नव्हता," भाऊ म्हणत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कार्डं घेतली. वहिनींनी स्वतःच्या नखांचा लाल रंग आणून एकावर ठिपका लावला. लग्नाचं कार्ड साधं, मयताचं लाल ठिपक्याचं. त्यानंतर कधी अदलाबदल झाली नाही.

पुढे सगळ्यांकडे मोबाईल आले. लग्नाचं काम कमी झालं. मांडवावर भिरभिरणारे कॅमेरे घेऊन बाहेरची माणसं येऊ लागली. पण मयताला अजून भाऊंनाच बोलावत. आमच्याकडे उचलण्याआधी घरच्या सगळ्यांना भोवती उभं करून एक फोटो काढायची पद्धत आहे. तुम्हीही कुणाच्या तरी पडवीत तसा फोटो बघितला असेल. ख्रिस्ती घरांतही तसंच. पेटीचं झाकण उघडं, भोवती काळ्या कपड्यांतली माणसं, आणि कुणीतरी आंटी म्हणायची, "चाय घेतल्याबगर जावचा नाय हां, फोटोवाल्या." हे काम मोबाईलवर करायला लोकांना लाज वाटते. मोबाईल कसाही चालतो, त्यात हसणं-खिदळणं सगळंच असतं. भाऊंच्या कॅमेऱ्याला मान होता.

तिथेही ते आपलं एकच वाक्य बोलत, जे पासपोर्टच्या फोटोला बोलत. "हनवटी वर." रडणाऱ्या माणसांनाही ते हेच सांगत, फक्त आवाज खाली आणून. "हनवटी जरा वर करा. तेंचो निरोप आसा हो." आणि लोक खरंच हनुवटी वर करत.

घरी आल्यावर आंघोळ, मग फोटो उतरवणं, मग ते विचारणं, मग पुसणं. मृताचा जुना फोटो कुणी दिला तर तो मोठा करून माझ्याकडे चौकटीला येई. गावातल्या कितीतरी गेलेल्यांच्या मागे मी खिळे मारले आहेत.

आता वहिनींचं सांगते.

त्यांचा एकही धड फोटो नव्हता. लग्नातला एक होता. तेव्हा त्या कोवळ्या होत्या, मुंडावळ्यांतून नाकच काय ते दिसत होतं. त्यानंतर कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडावर घेत. "माझो फोटो काढलात तर जेवूक वाढूचंय नाय," असं म्हणत. त्यांच्या मुलीने मोबाईल धरला तर हातातली पळी तोंडापुढे धरत. भाऊ म्हणत, "गावाक हसूक शिकवलंय, ह्या एका बायलेक शिकवूक येवक नाय."

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळात फेऱ्या सुरू झाल्या. केस गेले, गाल गेले. भाऊ गाडी करून त्यांना नेत आणि परत आले की दुकानात नुसते बसून राहत. मी काही विचारत नसे. मला विचारायला जमतही नाही. मी काच पुसत राही.

एका सकाळी वहिनींना जरा बरं वाटत होतं. मागच्या दाराने त्या दुकानात आल्या. डोक्याला हिरवा रुमाल, अंगावर ठेवणीतली साडी. पासपोर्टच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काढा माझो फोटो."

भाऊ बघतच राहिले. "आज जेवूक वाढतलंस मां?"

"काढा आधी. नायतर माझो विचार बदलात."

भाऊंनी समोरचा कॅमेरा उचलला. हात घाईत होते. दिवे लावले, मागचा पडदा सरळ केला. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. भाऊ सवयीने म्हणाले, "हनवटी वर." त्यावर वहिनी हसल्या. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं वाक्य आज त्यांना सांगितलं गेलं होतं. त्या हसत असतानाच भाऊंनी चार-पाच फोटो काढले.

मग फोटो उतरवण्यासाठी त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि कार्ड बाहेर काढलं. त्यावर लाल ठिपका होता.

आदल्या दिवशी वरच्या वाडीत मयत झालं होतं. ते फोटो उतरवून, कार्ड पुसून झालं होतं, पण कॅमेऱ्यातच राहिलं होतं.

भाऊंचा चेहरा मला आरशात दिसला. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं, कार्ड परत आत घातलं आणि बटण दाबलं. मला काही विचारलं नाही. इंग्रजी प्रश्न आला तेव्हा अंगठा थांबलाही नाही. वहिनींचे सगळे फोटो पुसले गेले. कॅमेरा कपाळाला लावायचंही ते विसरले.

"काय झाला?" वहिनींनी विचारलं.

"काय नाय. उजेड बरो नव्हतो. परत काढूया." ते साधं कार्ड शोधू लागले. ते दुसऱ्या पिशवीत होतं, पिशवी घरात होती. आणून लावेपर्यंत वहिनींना बसवेना.

"उद्या काढा," त्या म्हणाल्या आणि भिंतीला धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. मग अंथरूणच. तोंडावर सूज आली, डोळे मिटल्यासारखे झाले. तेव्हा फोटोचं नाव कोण काढणार?

मी त्यांना पेज भरवायला जाई. एकदा भाऊ औषधं आणायला गेले होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माका दिसलो गो ठिपको."

मी चमचा वाटीत ठेवला.

"मीच लावलंय मां तो, माका दिसणार नाय? ह्ये खुळे घाबारले. अगो, फोटो नायतरी त्याच कामाक होयो होतो माका. तेंका ह्या कळाक नाय." थोडा दम घेऊन म्हणाल्या, "तेंका सांगू नको. मी तयार आसंय म्हणान कळला तर ते आत्ताच मोडान जातले."

मी सांगितलं नाही. पावसाच्या आधी वहिनी गेल्या.

त्यांना उचलण्याआधी फोटो काढायला कुणी नव्हतं. भाऊंना कोण सांगणार? शेजारच्याने मोबाईल वर केला, आणि बायकांनी त्याला खाली करायला लावला.

चौकटीसाठी लग्नातला फोटो मोठा केला. खिळे मीच मारले. भेटायला आलेली माणसं त्या पोरसवद्या चेहऱ्याकडे बघत. एका म्हातारीने तर विचारलं, "ही कोण? तिची धाकटी भैण?" त्यानंतर भाऊ त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

मयताचं बोलावणं आलं की "कॅमेरो बिघडलो" म्हणून सांगत. लाल ठिपक्याचं कार्ड त्यांनी रुमालात बांधून खणात ठेवलं होतं. पुसलेल्या कार्डावर नवं काही काढलं नसेल तर जुनं परत मिळू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. लोकांची अशी कार्डं ते स्वतः कुडाळला पाठवत. पण हे कार्ड उघडायची त्यांची हिंमत नव्हती. जित्या बायकोला आपण मयताच्या कार्डावर घेतलं, म्हणून ती गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दिवाळीआधी मी चौकटींवरची धूळ झटकत होते. भाऊ मागून म्हणाले, "मयताच्या कार्डार घेतलंय तिका. आणि मगे माझ्या हातान पुसलंय."

ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी, कळलं नाही. पण त्यांचा आवाज ऐकून माझ्याने राहवलं नाही. वहिनी जे बोलल्या होत्या ते मी सगळं सांगितलं. फडकं हातात पिळत, भिंतीकडे बघत सांगितलं.

"तिका ठिपको दिसललो?"

"होय."

"आणि काय म्हणाली?"

मी पुन्हा सांगितलं. फोटो नाहीतरी त्याच कामाला हवा होता.

भाऊ उठले. मग खण उघडला, रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, "चल गो. कुडाळाक जाव्या."

बसमध्ये ते खिशावर हात ठेवून बसले होते, जणू आत जिवंत काही आहे.

कुडाळच्या दुकानदाराने कार्ड लावलं. तो आमच्याशी शुद्ध बोलत होता. "फॉरमॅट केलं तरी फोटो लगेच जात नाहीत. कुठे काय ठेवलंय त्याची खूण तेवढी पुसली जाते. नंतर यावर काही काढलंत का?"

"नाय. एकय नाय."

बराच वेळ पडद्यावर नुसती पट्टी सरकत होती. मग फोटो यायला लागले. पहिल्यात अर्ध्या वहिनी होत्या. खाली करडा रंग. दुसऱ्यात फक्त हिरवा रुमाल. तिसरा पूर्ण आला. हनुवटी वर, डोळे बारीक, हसताना पुढचा दात दिसतोय. भाऊंनी खुर्चीची पाठ धरली.

फोटो येतच राहिले. वहिनींच्या मागून वरच्या वाडीतलं मयत आलं. त्याच्या मागून पेटीतले एक ख्रिस्ती मास्तर. मग कुणाची आई, कुणाचा मुलगा, भोवती हनुवटी वर केलेली माणसं. भाऊंनी धुतलेल्या भांड्याच्या तळाशी गाव तसंच राहिलं होतं.

"हे बाकीचे काढून टाकू?" दुकानदाराने विचारलं.

"रवांदेत," भाऊ म्हणाले. "सगळी वळखीची आसत."

वहिनींचा तो पूर्ण फोटो त्यांनी परत त्याच कार्डावर घालायला लावला, कॅमेऱ्यात दिसेल असा. चौकट बदलली. भाऊ पुन्हा मयताच्या कामाला जाऊ लागले, पण त्यासाठी नवं कार्ड घेतलं. त्यावर ठिपका मी लावला. जुनं कार्ड खणात राहिलं.

पुढच्याच श्रावणात एका सकाळी दुकान उघडलं नाही. मी मागच्या दाराने गेले, तर भाऊ झोपल्यासारखे होते, हात उशीखाली. गोव्यात दिलेली मुलगी दुपारपर्यंत आली. घर माणसांनी भरलं. उचलायची वेळ झाली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. फोटो काढणारा तर खाली निजला होता.

मुलीने कॅमेरा आणून माझ्या हातात दिला. "तुकाच येता," म्हणाली.

मी दुकानात गेले. आतलं कार्ड काढून ठेवलं आणि खणातलं जुनं घातलं. परत आल्यावर एका नातेवाइकाने विचारलं, "धुतलंस मां भांडा? रिकामा आसा मां?" सगळ्या गावाला ती रीत पाठ होती.

मी कॅमेरा कपाळाला लावला. सगळी रडत होती, माना खाली. इतक्या माणसांसमोर मी जन्मात कधी मोठ्याने बोलले नव्हते.

"हनवटी वर," मी म्हटलं. "तेंचो निरोप आसा हो."

मुलीने आधी वर केली, मग सगळ्यांनी. मी बटण दाबलं.

संध्याकाळी मुलगी माझ्या शेजारी बसून पडद्यावर बाण दाबत होती. एकदा दाबला की आई हसायची. परत दाबला की भाऊ.